पाळीवरचे वाटे

“सर, बाई कधी भेत होत्या का?”

हे विचारणारी बाई आमच्या पुढच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेला टेकून बसली होती. बायकोची तेरवी होऊन फार दिवस झाले नव्हते. ज्या बाईंबद्दल ती विचारत होती ती माझी बायको. पोंभुर्णा तालुक्यातल्या आणि आसपासच्या तलावांवर मासेमारी करणाऱ्या गावांनी मिळून एक कंपनी काढली होती, तिची ती मुख्य कार्यकारी अधिकारी होती. एवढं लांब पद गावात कोणी उच्चारत नसे. कंपनीत नुसतं ‘बाई’ म्हटलं की ती माझी बायको, हे सगळ्यांना कळायचं.

माझ्यासमोर बसलेली बाई कंपनीच्या संकलन केंद्राची प्रमुख. मासे जिथे येतात, निवडले जातात, बर्फात भरून बाजाराला निघतात ती ही जागा. फार वर्षांपूर्वी ती तिथे बर्फाच्या लाद्या फोडायला लागली होती. माझी बायकोही त्याच कामावर लागली होती, हिच्या आधी. लाद्या फोडायची मोगरी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेली, तेव्हा पहिली वजनकाट्यावर बसायला लागली होती.

आता संचालक मंडळाचं म्हणणं होतं की बाईंच्या जागी हिनेच बसावं. सोमवारी बैठक होती, आणि तोवर हिला हो किंवा नाही सांगायचं होतं. ती नाही म्हणायला आली होती, पण मंडळाकडे नाही, माझ्याकडे.

“मले नाई जमत सर. तुमी सांगा मंडळाले, नागपूरचा एखादा शिकलेला माणूस आना म्हनून. तुमचं ऐकतीन ते.”

“माझं का ऐकतील? मी कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं देणारा माणूस.”

“बाईचे घरवाले ना तुमी.” जरा थांबून ती म्हणाली, “अन् चष्मा आहे.”

बऱ्याच दिवसांनी मी हसलो. मग तिने भीतीबद्दलचा तो प्रश्न विचारला. मला उत्तर माहीत नव्हतं.

माहीत काय होतं, ते मी त्या संध्याकाळी आठवत बसलो. कामावरून आली की ती आधी अंघोळ करायची. मग वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायला घ्यायची. मुख्य अधिकारी म्हणून निवड झाली त्या दिवशी मी पेढे आणले होते. तिने एक खाल्ला, उरलेले शेजारी नेऊन दिले आणि गॅसचा नंबर लावला का ते विचारलं. भ्यायली होती का? निवडीच्या त्या संध्याकाळचा तिचा चेहरा मला दिसतो, पण त्यावर काय होतं ते वाचता येत नाही. सोबत राहताना माणसाबद्दलचे प्रश्न पडेनासे होतात. ते आता एकेक करून पडायला लागले होते, आणि दुःखाच्या दिवसांत इतकं कुतूहल वाटावं याचं मला नवल वाटत होतं.

एक प्रश्न मात्र मला तेव्हाही पडला होता. कंपनीच्या महिन्याच्या बैठकीत तक्रारींची वेळ आली की ती आपली खुर्ची उचलायची, भिंतीकडे तोंड करून ठेवायची, बसायची आणि म्हणायची, “हं, बोला आता.” मागे बसलेल्या सभासदांनी काय बोलायचं ते बोलायचं. भाव कमी लागला, काटा हलका धरला, अमक्या गावची गाडी आधी भरली. ती भिंतीकडे पाहून ऐकायची आणि सगळं संपल्यावरच वळायची. एकदा बँकेचे एक साहेब बैठकीला आले होते. तिने त्यांचीही खुर्ची वळवायला लावली. दोघं भिंतीकडे तोंड करून बसले आणि मागून कोणी तरी म्हणालं, “साहेब, बँकेत गेलो त तुमी असंच बसता आमच्याकडं पाठ करून, फकत तिथी आमाले दिसत नाई.” तो साहेब पुढे कित्येक महिने हा किस्सा सांगत होता म्हणे.

असं का करतेस, म्हणून मी तिला विचारलं होतं. “तोंड पाह्यलं की मानूस गोड बोलतो,” एवढंच ती म्हणाली. ही रीत तिने कुठून आणली, ते मी विचारलं नव्हतं.

केंद्रवाल्या बाईची मुख्य अडचण तीच होती. “मले ते नाई जमत,” ती म्हणाली होती. “समोरच्याचं तोंड पाह्यल्याशिवाय मले त्याचं बोलनं समजतच नाई. एकडाव करून पाह्यलं केंद्रावर. बायांकडं पाठ करून बसली, म्हनलं बोला. कोनी बोललंच नाई. उठून पाह्यतो त वेनीले झिंगा बांधून ठेवला होता.”

निघताना ती सहज बोलून गेली, की शनिवारी बाईंच्या माहेरच्या तलावावर जाळं आहे, तिला मासे भरायला तिकडे जायचं आहे. मीही येतो म्हणालो. मेहुण्याला भेटायचं होतं आणि तिचा प्रश्न त्यालाच विचारता आला असता.

“तुमी? तलावावर?” असं म्हणून तिने माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं.

शनिवारी पहाटे पिकअपमध्ये ड्रायव्हर आणि तिच्या मध्ये मी बसलो. मागे रिकामे क्रेट आणि थोडा बर्फ होता. बाकीचा बर्फ दुसऱ्या गाडीने मागून येणार होता. मोहाची फुलं वेचायला निघालेल्या बाया टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. ती सारखी फोनकडे पाहत होती. मंडळाच्या अध्यक्षांचा फोन दोनदा येऊन गेला, तिने घेतला नाही.

“काय सांगू त्यायले?” ती म्हणाली. “होय म्हनलं त सोमवारपासून सगळे तोंडाकडं पाह्यतीन. नाई म्हनलं त नागपूरवाला येईन, अन् मंग मीच रोज त्याच्या नावानं बोटं मोडीन.”

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मेहुणा उभाच होता. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, गावच्या मासेमारी संस्थेचा सभासद. मला पाहून तो ओरडला, “अरे बाप्पा, जवाईबापू! काय, पुस्तकात मासे संपले का गा?”

पाण्यातली माणसं हसली. एक जण छातीभर पाण्यातून म्हणाला, “त्यायले जाळ्याच्या मधात उभं करा. मासे भिऊन इकडं पळतीन.”

बहिणीच्या जाण्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मेहुण्याने फक्त माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याचा हात ओला आणि थंड होता.

जाळं काठाला आलं. कतला आणि रोहू हे मोठे मासे वेगळे काढून क्रेटमध्ये जाऊ लागले, ते कंपनीचे. बारीक मासोळी आणि झिंगे पाळीवर ताडपत्री अंथरून तिच्यावर ओतले, ते घरोघरी खायचे. त्यांचे सारखे वाटे घालायला सुरुवात झाली. जाळ्याला जेवढ्या घरांतलं माणूस आलं, तेवढे ढीग. इथपर्यंत मला माहीत होतं. पुढचं मी ऐकून होतो, पण कधी पाहिलं नव्हतं.

एक तरणा माणूस ढिगांकडे पाठ करून, तलावाकडे तोंड करून उभा राहिला. दुसऱ्याने एका ढिगाला काडी लावली आणि विचारलं, “हा कोनाचा?” पाठमोऱ्याने एका घराचं नाव घेतलं. त्या घरच्या बाईने तो ढीग टोपलीत भरला. “हा कोनाचा?” दुसरं नाव. कोणता ढीग आहे ते नाव घेणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे कोणाला जास्त दिलं, कोणाला कमी, असं म्हणायला जागा उरत नाही. एकदा तोंडातून नाव निघालं की ते परत घेता येत नाही.

मी मेहुण्याकडे वळलो. “ती भिंतीकडे तोंड करून बसायची, ते हेच?”

“मंग काय. तुमाले नाई माहीत? ती इथी उभी राहे ना. या जाग्यावर.”

केंद्रवाली बाई क्रेट मोजता मोजता थांबली आणि जवळ येऊन उभी राहिली. मेहुण्याने जे सांगितलं ते असं.

त्यांचे वडील गेले तेव्हा तो लहान होता. घरातून जाळ्याला जायला कोणी नव्हतं, म्हणून टोपली घेऊन त्याची बहीण जायला लागली. तेव्हा ती नुकतीच दहावी झाली होती. त्या काळात नाव घ्यायला पुरुषच उभा राही. पण त्या वर्षी भांडण झालं. काडी लावणारा खोकून खूण करतो आणि नाव घेणारा आपल्या माणसाला मोठा ढीग देतो, असा संशय आला. हमरीतुमरी झाली. शेवटी एक म्हातारा म्हणाला, या पोट्टीले उभी करा, तिची कोनाशी दुष्मनी नाई अन् कोनाशी सोयरीक नाई. तिला तलावाकडे तोंड करून उभं केलं. तिने एकेक नाव घेतलं. शेवटचा ढीग राहिला. “हा कोनाचा?” ती गप्प राहिली. परत विचारलं, तेव्हा तिने नाव घेतलं ते भाताच्या रोवणीच्या वेळी वारलेल्या एका माणसाचं. त्याच्या घरून जाळ्याला कोणी येत नव्हतं, त्याच्या बायकोला वाटा मिळत नव्हता. पण नाव निघालं होतं. तो ढीग त्या बाईच्या घरी पोचता केला, आणि हिच्या घरी रिकामी टोपली आली.

“अन् झालं!” मेहुणा म्हणाला. “अख्खं गाव म्हने, पाहा, पोट्टीनं आपला वाटा सोडला, रांडव बाईले देला. तवापासून दर जाळ्याले तिलेच उभी करत. मंग कंपनी आली, केंद्रावर मानूस पायजे होता, त गाव म्हने तिलेच पाठवा. बर्फ फोडाले गेली, अन् काही दिसात काटा तिच्या हाती. आमच्या बाजूच्या गावानंही म्हनलं, काट्यावर तेच पोट्टी बसवा. तिथून मंग गेली ते वरच गेली.”

“मोठ्या मनाची होती,” मी म्हणालो.

“काय मोठं मन घेऊन बसले!” तो चिडून म्हणाला. डोळे मात्र ओले झाले होते. “मी मांगंच उभा होतो ना गा. पाय लटलट कापत होते तिचे. घरी आली अन् रडली. मायनं विचारलं, काऊन वो, आपला वाटा काऊन सोडला? त म्हने, मले आपलं नावच आठवलं नाई.”

“मग हे तिने लोकांना सांगितलं नाही?”

“सांगतलं ना! किती डाव सांगतलं. कोनी मानेच नाई. जितकं सांगे तितके लोक म्हनत, पाहा कशी सादी आहे, मोठेपना घेत नाई.”

मग मला त्यातलीच एक गोष्ट खटकली. आपलं नाव आठवलं नाही हे ठीक. पण नेमकं त्या वारलेल्या माणसाचंच नाव का आलं? कदाचित नावं घेण्याचा एक क्रम असेल आणि ते नाव ऐकून ऐकून तिच्या कानात बसलं असेल. किंवा वाटे पडताना त्या बाईचा विचार तिच्या मनात आधीपासून असेल आणि भीतीने बाकी सगळं पुसलं गेल्यावर तेवढंच उरलं असेल. मी मेहुण्याला विचारलं.

“ते मी नाई विचारलं,” तो म्हणाला. “ते तुमी विचाराले पायजे होतं. तुमच्या घरी होती.”

मी अजून ते ठरवू शकलेलो नाही. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं.

केंद्रवाली बाई हळूच म्हणाली, “म्हंजे भेत होत्या.”

“लटलट,” मेहुणा म्हणाला.

तिने मान हलवली आणि परत क्रेटकडे गेली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बर्फाच्या गाडीचा ड्रायव्हर होता. मूल गावाच्या अलीकडे जंगलात टायर फुटला होता आणि स्टेपनीत हवा नव्हती. किती वेळ लागेल, ते त्याला सांगता येत नव्हतं. ऊन चढत होतं. आमच्या पिकअपमध्ये होता तेवढ्या बर्फात अर्धे मासेही बसले नसते. चंद्रपूरच्या व्यापाऱ्याने कतला मागितला होता, तो तरी द्यायलाच हवा होता. रोहूचं काय करायचं?

माणसं तिच्याभोवती जमली. एक जण म्हणाला थांबू, गाडी येईन. दुसरा म्हणाला, आज बाजूच्या गावचा बाजार आहे, तिथे नेऊन मोकळं करा, भाव पडला त पडला. एक म्हातारा काठीवर भार देत म्हणाला, “बाई राह्यल्या असत्या त—”

“बाईनं काय केलं असतं ते मले नाई माहीत,” ती म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता. तिने प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं. “मले भेव लागून राह्यलं, खरं सांगतो. थांबलो अन् गाडी नाई आली त सगळाच माल जाईन. कतला बर्फात भरा. रोहू बाजारात न्या, मोटरसायकली काढा. भाव कमी आला त मंडळाले मी सांगीन, तुमी नोका सांगू.”

कुरकुर झाली, पण मोटरसायकली निघाल्या. मागच्या सीटला क्रेट बांधून, वर ओलं पोतं टाकून, एकामागून एक पाळीवरून उतरल्या. मेहुणाही गेला. कतला भरून झाला. बायांनी चूल पेटवून चहा ठेवला. सगळे जरा सावलीला टेकतात न टेकतात, तोच झाडांमागून हॉर्न ऐकू आला.

बर्फाची गाडी होती. मागून येणाऱ्या तसल्याच एका गाडीवाल्याने त्याला आपली स्टेपनी दिली होती, पण ते कळवायला फोन लागत नव्हता. गाडीतून पाणी ठिबकत होतं, पण सगळ्या रोहूला पुरून उरेल एवढा बर्फ होता. रोहू मात्र बाजारात होते.

ड्रायव्हर उतरला, रिकाम्या पाळीकडे पाहून म्हणाला, “मासे कुठी आहेत?” आणि लगेच त्याला कळलं की हे विचारायला नको होतं.

ती उभी होती. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं, कारण मला वाटलं ती आता रडेल किंवा ड्रायव्हरवर ओरडेल. तिने दोन्हींपैकी काही केलं नाही. पदराने तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माहं चुकलं. थांबाले पायजे होतं.”

“थांबाले पायजेच होतं,” थांबू म्हणणारा माणूस म्हणाला. त्याने ते जोरात आणि समाधानाने म्हटलं, आणि ते त्याने म्हणायलाच हवं होतं.

“होय ना भाऊ. तुमी बरोबर होते.”

एका बाईने तिच्या हातात चहाचा कप दिला. थांबू म्हणणारा माणूस आपला कप घेऊन तिच्या शेजारीच बसला आणि फुंकर मारत म्हणाला, “पुढच्या शनवारी वरच्या तलावावर जाळं आहे. बर्फाची गाडी आदल्या दिवशीच मागव. अन् स्टेपनी पाहून घे म्हनावं त्याले.”

“मागवतो,” ती म्हणाली.

“अन् मोटरसायकलीच्या पेट्रोलचं काय?”

“तेही मंडळाले सांगतो.”

“सांग मंग,” असं म्हणून तो चहा प्यायला लागला.

परतताना जंगल संपून शेतं सुरू झाली तेव्हा पिकअपमध्ये ती म्हणाली, “सर, पाह्यलं का? पुढच्या शनवारचं मलेच सांगत होता तो.”

“हो.”

“शिव्या देईन असं वाटलं होतं. देल्याही असत्या मनात.” ती खिडकीबाहेर पाहून हसली. “पन बर्फ मलेच मागव म्हने.”

नागपूरच्या माणसाबद्दल तिने परत विचारलं नाही. थोड्या वेळाने तिने फोन काढला आणि अध्यक्षांना लावला. ते वयस्क गृहस्थ आहेत, त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ती मोठ्याने बोलत होती आणि मला तिची एकच बाजू ऐकू येत होती.

“हॅलो भाऊ, मी बोलतो, केंद्रावरून... नाई, पयले आजचं ऐका, मंग बाकीचं. आज माह्या हातून नुसकान झालं... रोहू, रोहू! बाजारात काढला... बर्फ आला ना, नंतर आला... नाई, ड्रायव्हरचं काई नाई, मीच पाठवला माल... होय... होय, चुकलंच. म्हनून पयले सांगून राह्यलो. आता हे ऐकून बी तुमाले वाटत असन त...”

ती बराच वेळ ऐकत राहिली. पलीकडून काय बोलणं चाललं होतं कोण जाणे. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला.

“बरं,” ती म्हणाली. “बसतो मंग. पन बसीन तुमच्याकडं तोंड करून, आधीच सांगतो. ज्याले तक्रार सांगाची त्यानं तोंडावर सांगावं, मी आयकीन. जमते का विचारा सगळ्यायले... होय, सोमवारी... नाई, सर नाई येत. त्यायले लायब्ररी आहे.”

फोन ठेवून तिने मला विचारलं, “येनार होते का तुमी? विचारलंच नाई मी तुमाले.”

“नाही,” मी म्हणालो. “पण काय झालं ते येऊन सांगा.”

“सांगतो,” ती म्हणाली, आणि मागच्या कतलाला ऊन लागू नये म्हणून ड्रायव्हरला गाडी जोरात घ्यायला सांगितली.